उपास मोडला तर काय होईल?

श्रावण संपता संपता कुडाळला बाह्यरुग्ण विभागात कॉलेजची एक मुलगी आली. तक्रार चक्कर येण्याची. आईने आधीच सांगून टाकलं, "डॉक्टरांनू, चेडू देवभोळा असा. उपास करता, दुसरा काय नाय."

उंची 158 सेंमी, वजन 38 किलो. आडवं झोपवून मोजलेली नाडी 46, उभं केल्यावर 78. हातांवर बारीक लव, पाळी बंद. सगळ्या शरीर उपाशी असल्याच्या खुणा. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी हे घरच्यांना ठाऊक होतं. पण उपास सोडायची वेळ आली की ती पुढचा धरायची, आणि फराळाची खिचडी, वरीचे तांदूळसुद्धा तिने टाकले होते. व्रताला पारणं असतं. पारणंच नसेल तर मी ते व्रत धरत नाही, आजार धरते.

अशा मुलींना "किती उपास करतेस?" विचारून हाती काही लागत नाही. "मोडला तर काय होईल?" हे विचारावं. ती म्हणाली, "देवी मला टाकेल." देव आपल्याला सोडणार नाही अशी खात्री असलेल्या मुलींत खाण्याच्या विकारांची लक्षणं कमी दिसतात आणि देव आपल्याला टाकेल या धास्तीत जगणाऱ्यांत जास्त. कॉलेजच्या मुलींवरच्या अभ्यासांतही हेच आढळलंय.

दाखल केलं. आता खरा धोका मायेचा होता, गणपती तोंडावर आणि घरात मोदकांची तयारी! उपाशी शरीरात एकदम पिष्ट, साखर गेली की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडते. जीवही जातो. म्हणून अन्नाआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-1), ईसीजी, आणि पोटॅशियम, मॅग्नेशियमसोबत फॉस्फरसची (म्हणजे या फॉस्फेटचीच) रोज तपासणी. फॉस्फरस नेहमीच्या तपासण्यांत बहुधा नसतो, वेगळा लिहून द्यावा लागतो. मग दर दोन-तीन तासांनी थोडी पेज, थोडं दूध. प्रमाण अहवाल पाहूनच वाढवायचं.

देव बाजूला ठेव, असं मी तिला म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर उपचारच तिला पाप वाटले असते. आजीला मात्र विचारलं, आजाऱ्याला उपास असतो का? आजी तडक देवळात गेली आणि गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं: नातीचे उपास माझ्याकडे, तिला जेवू दे. त्या संध्याकाळी मुलीने पेजेची वाटी संपवली.

वजन वाढू लागलं की धास्ती पुन्हा उसळते. म्हणून काट्यावर तिला पाठमोरी उभी करतो आणि आकडा तिला सांगत नाही. समुपदेशन दर आठवड्याला चालू आहे. नवरात्राचं ताटही आधीच लिहून दिलंय: ओटी भरायची, आरतीला बसायचं, तीन वेळा जेवायचं, मधे दोनदा दूध.