सालवीन नदीकाठचा दवाखाना

नाइट ड्यूटी करून आले, झोपायचं होतं. पण एरिक हेअर यांच्याबद्दल वाचायला घेतलं आणि झोप उडालीच. हा ऑस्ट्रेलियन माणूस डॉक्टर नव्हता, आमच्यासारखाच नर्सिंग शिकलेला. बायको ॲग्नेसही नर्स. १९१५ साली दोघं ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मिशनतर्फे ब्रह्मदेशात गेले आणि सालवीनच्या काठी, कामामाउंगला, करेन या तिथल्या जमातीच्या लोकांमध्ये राहिले.

मौलमेन शहर नदीतून बरंच खाली. तापाने फणफणलेला किंवा चिघळलेली जखम घेऊन कुणी दारात आला, की काय करायचं ते यांनीच ठरवायचं. रात्रीच्या वॉर्डात आम्हाला डॉक्टर एका फोनवर मिळतात, तरी कधी कधी पोटात गोळा येतो!

शिवाय शाळा चालवली, करेन पोरांचा चक्क ब्रास बँड उभा केला. मला हे सगळ्यात जास्त आवडलं. धर्मप्रसार करायलाच ते गेले होते, ते लपवायचं कारण नाही. पण रोज उठून परक्यांच्या जखमा धुवायला जे लागतं, ते मी ओळखते.

पुढे १९८९ मध्ये करेन समाजातल्याच डॉ. सिंथिया माउंग यांनी थायलंडच्या सीमेवर मे सॉटला निर्वासितांसाठी दवाखाना काढला. २००२ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. आता त्यांच्याबद्दल वाचायचंय. कुणाकडे पुस्तक असेल तर कळवा.