रिकामी पिकअप

आमची पिकअप भरलेली असली की शहाण्यासारखी वागते. पंधरा क्विंटल उन्हाळ कांदा पाठीवर घेऊन निफाडहून लासलगावला निघाली, की खड्डा कुठे आला नि कुठे गेला, कळतही नाही. तीच गाडी कांदा उतरवून परत फिरली की अंगात आल्यासारखी करते. मागचे स्प्रिंगचे पाटे दीड टन पेलायला बनवलेले. त्यांच्यावर निव्वळ वारा लादला तर ते कशाला वाकतील? गतिरोधक दिसला की मी जीभ दातांच्या आत घेतो, मग ब्रेक मारतो.

पावसाळ्यात तर आमच्या काळ्या रानात भरलेली रुतते आणि रिकामी घसरते. इंजिनाचं वजन पुढे, ओढ मागच्या चाकांना; ती बिचारी जागच्या जागी चिखल उडवत राहतात.

बाजार समितीत गाड्यांची रांग लागते आणि व्यापारी गाडीगाडीपाशी येऊन बोली लावतात. कुणी कोपरापर्यंत हात खुपसून तळाचा कांदा वर काढतो. तिथे मला पिकअपचा अभिमान वाटतो, कारण मी ट्रॅक्टरवाल्यांच्या नंतर घरून निघून त्यांच्या आधी पोचलेलो असतो. अभिमान कांदा उतरवायच्या, व्यापाऱ्याच्या खळ्यापर्यंत टिकतो. शेजारचा ट्रॅक्टरवाला दांडी ओढतो, ट्रॉली मागे कलते, कांदा घरंगळतो, झालं. आम्ही फाळका पाडायचा, हौद्यात उभं राहायचं आणि पायाने, फावड्याने, शेवटी हाताने कांदा लोटायचा. मग रिकाम्या गाडीचं वजन करायला पुन्हा काट्यावर. भरल्या वजनाला मी खाली उतरलो होतो, म्हणून आताही आठवणीने उतरायचं. नाहीतर माझे ब्याऐंशी किलो कांद्यातून वजा!

बाकी सगळं सोसवेल, पण ती पिवळी नंबरप्लेट! रस्त्यात अनोळखी माणूस हात करून विचारतो, "चांदवडला भाडं मारता का?" गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला गेलो. कडक इस्त्रीचा सदरा, खांद्यावर उपरणं, मी सख्खा मामा. मंडपाच्या दारात एका पोराने गाडी अडवली आणि सांगितलं, "काका, भांडी मागच्या बाजूला उतरवा." मी गाडी मागे नेली. तिथे खरंच आचारी वाट बघत होता.

गावात मात्र ही गाडी माझी एकट्याची नाही. शेळी आजारी पडली, बोअरची मोटर जळली, गणपती आणायचाय, कुणाच्या मुलीचं कपाट सासरी पोचवायचंय, की हाक येते, "तात्या, गाडी आहे ना?" डिझेलचं कुणी विचारत नाही. एकदा मीच चिडून म्हणालो, पुढच्या वेळी साधी कार घेईन. आई शांतपणे म्हणाली, "घे. मग गुरांची ढेप कशात आणशील?"

कारचा विषय त्या दिवशीच मिटला.

बायकोने मात्र आपल्यापुरता तोडगा काढलाय. तिचं माहेर सिन्नरला. पहिल्या वर्षी रिकाम्या गाडीतून गेलो तेव्हा ती दोन दिवस कंबर धरून होती. आता दिवाळीची पिशवी भरली की ती आधी अंगणात येते, हौद्यात डोकावते आणि म्हणते, "अहो, मातीच्या गोण्या टाकल्या का? सहा टाका. मागच्या वेळी चारच होत्या."