दोन पोती तांदूळ आणि माथेरान

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी सोसायटीच्या आवारात व्हीलचेअरवर तांदूळ फिरवत होते. २५-२५ किलोची दोन पोती आणि वर पाण्याचा २० लिटरचा भरलेला कॅन. वॉचमननं आधी काही न दिसल्यासारखं केलं, मग न राहवून विचारलं, "मॅडम, लिफ्ट चालू आहे, वर नेऊन देऊ का?"

बाबांचं वजन ७० किलो, पोती आणि कॅन मिळूनही तेवढंच. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून डावी बाजू जवळजवळ गेलेली. घरात काठी आणि भिंत धरून चार पावलं टाकतात, बाहेर मात्र खुर्चीच. बोलणं साफ आहे, आणि ते बोलतात एकच : माथेरान. मी त्यांना महाबळेश्वर सुचवलं, तिथे गाडी पार पॉइंटपर्यंत जाते. "गाडीतून बघायचं असेल तर टीव्ही काय वाईट आहे?" विषय संपला.

माथेरानात मोटारींना बंदी, अपवाद अँब्युलन्सचा. गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवायची आणि पुढे अडीचेक किलोमीटर बाजारापर्यंत पाय, घोडा, तेव्हा हातरिक्षाही, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनातून सुटणारी छोट्या रेल्वेची शटल नाहीतर ई-रिक्षा. मी सगळ्यांना विचारत सुटले, "रस्ता सपाट आहे का?" सगळ्यांचं एकच उत्तर, "अगदी सोपा, लहान मुलंही चालतात." कोणी खोटं बोलत नव्हतं. पण चालणाऱ्या माणसाला रस्ता आठवतो तो चढ-उतारानं. वाटेत मुठीएवढे दगड किती होते हे त्याच्या लक्षातच राहत नाही, पाय आपोआप चुकवत जातात. व्हीलचेअरला मुठीएवढा दगड म्हणजे भिंत.

हे तांदळानं शिकवलं. आवारातल्या उतारावर खुर्ची मजेत गेली. पाण्याच्या टाकीमागे टाकलेल्या खडीत मात्र पुढची छोटी चाकं आडवी फिरली आणि वरचं पोतं सरळ जमिनीवर. बाबा गॅलरीतून बघत होते. "पुढची चाकं लहान आहेत, ती रुतणारच," ते वरून ओरडले. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. "खुर्ची मागे कलव, मागच्या मोठ्या चाकांवर चालव." फिजिओथेरपिस्टनंही नंतर तेच सांगितलं. मागच्या बाजूला खाली जी दांडी असते तिच्यावर पाय देऊन पुढची चाकं उचलायची. उतारावर खुर्ची उलटी फिरवून आपण मागे चालत उतरायचं, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही. आणि पुढच्या फ्रेमला दोरी बांधायची, एकानं ओढायचं, दुसऱ्यानं ढकलायचं. दोरी म्हणून माझी जुनी ओढणी आली. दुसरी ओढणी बाबांच्या कमरेला, पट्टा म्हणून.

हॉटेलचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण अजून राग येतो. फोनवर तीनदा विचारलं, "खोली तळमजल्यावर आहे ना? पायरी नाही ना?" "एकदम ग्राउंड, मॅडम." पोचलो तर दारात तीन पायऱ्या आणि बाथरूमच्या दाराची रुंदी खुर्चीपेक्षा कमी. आमची खुर्ची २६ इंच आहे, ते दार २४. आता मी फोनवर 'पायरी आहे का' असं विचारत नाही. दारात पाण्याची बाटली उभी करून फोटो पाठवा म्हणते आणि बाथरूमच्या दारावर टेप लावून माप मागते. दोन हॉटेलांनी त्यावर फोन ठेवून दिला. तिसऱ्यानं माप पाठवलं. पुढच्या वेळी तिथेच जाणार.

आम्ही गेलो जानेवारी २०२५ मध्ये, मुद्दाम मंगळवार गाठून. बरोबर माझा भाऊ आणि माझा मुलगा. दस्तुरीला उतरताच घोडेवाले आले, पाठोपाठ हातरिक्षावाले. एक जण ओढायचा, दोघं मागून ढकलायचे. खरं तर बाबांसाठी सगळ्यात सोयीचं वाहन तेच होतं. पण बाबा जुने युनियनवाले. "माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही." पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, तेव्हा पेपर हलवत ते म्हणाले, "बघ." पण त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "आणि आम्ही ढकलतो ते?" त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

ई-रिक्षा मिळाली. भावानं त्यांना उचलून आत बसवलं, मुलानं घडी घातलेली खुर्ची मांडीवर घेतली. बाजारापर्यंतचा रस्ता बहुतेक पेव्हर ब्लॉकचा. या ब्लॉकवरून इथे बरेच वाद झालेत. जंगलात असले ब्लॉक नकोत असं म्हणणाऱ्यांचं मला पटतंही. पण खुर्ची हातात असली की माणूस पक्षपाती होतो. माझ्यासाठी त्या दिवशी ते लाल ब्लॉक म्हणजे हायवे होता.

बाजारात चहा घेतला. ज्यासाठी आलो ते इथून पुढे होतं. शार्लोट लेकच्या दिशेनं निघालो. पहिली काही मिनिटं छान. मग जांभ्याचा खरा रस्ता सुरू झाला. पावसाळ्यात वरची माती वाहून जाते आणि दगडांची डोकी उघडी पडतात. राहिलेली माती घोड्यांच्या टापांनी भुसभुशीत होते. त्यात झाडांची मुळं. खुर्ची मागे कलवून, ओढणीनं ओढत आम्ही एका तासात जेमतेम अर्धा किलोमीटर गेलो असू. बाबा पूर्ण वेळ सूचना देत होते. "डावीकडे घे. डावीकडे! अरे, तुझी डावी नाही, माझी."

एका मुळापाशी उजवं चाक अडकलं आणि खुर्ची तिरकी झाली. ओढणीच्या पट्ट्यानं बाबांना धरलं, माझ्या छातीत मात्र धस्स झालं. रिकामा घोडा घेऊन येणारा एक घोडेवाला थांबला, काही न विचारता त्यानं एका बाजूनं फ्रेम धरली. खुर्ची सरळ झाल्यावर तो म्हणाला, "काका, पुढं याच्यापेक्षा खराब आहे. इथंच बसा, इथं सावली चांगली."

म्हणून तिथेच बसलो. जांभळाचं जुनं झाड होतं, खाली गार. तलाव दिसत नव्हता, दरी नाही, पॉइंट नाही. बाबांनी बूट काढायला लावले आणि उजवा पाय लाल मातीत ठेवला. दीड तास आम्ही तिथे होतो. माकडांनी चिवड्याचं पाकीट पळवलं. (खाणं डब्यात न्यावं, डबा पिशवीत, पिशवी पाठीवर.) अजून एक कामाची गोष्ट, जी कोणी सांगत नाही : खुर्ची सहज आत जाईल असं स्वच्छतागृह आम्हाला वाटेत दिसलं नाही. प्लॅस्टिकचं युरिनल पॉट आणि आडोशाला एक चादर बरोबर ठेवली होती, त्यामुळे निभावलं. आणि गादी. साध्या सीटवर दीड तास धक्के खात बसवलं तर पाठीखाली जखम होते, हे आधीच्या एका अनुभवानं माहीत होतं.

परतताना शटलचा आवाज आला. बाबांनी रुळांची गोष्ट काढली. पीरभॉय कुटुंबानं १९०७ मध्ये ही गाडी सुरू केली, आणि डोंगर असूनही चढ कुठेच वीसात एकच्या वर जाऊ दिला नाही. मी मनात हिशेब केला. व्हीलचेअरच्या रॅम्पला बारात एक इतका चढ चालतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आखलेली ही रुळांची वाट आपल्या रॅम्पपेक्षा सौम्य आहे. लोक त्या कडेनंच चालत जातात. अडचण फक्त खडीची. अमन लॉज ते माथेरान स्टेशन, रुळांच्या कडेला चार फुटांची घट्ट दाबलेली मातीची पट्टी असती तर बाबांना कोणी उचलायची गरज पडली नसती. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा करमणुकीच्या हक्काबद्दलही बोलतो. मला एवढीच करमणूक हवी आहे.

घरी आल्यावर पुढच्या चाकांतली लाल माती जुन्या टूथब्रशनं काढायला दोन दिवस गेले. आत बाबा फोनवर त्यांच्या जुन्या मित्राशी बोलत होते. मित्रानं विचारलं असावं, की घोडा केला का. "छे," बाबा म्हणाले, "बाजाराच्या पुढे चालतच गेलो."