तुम्ही विचारलंत म्हणून: पगारी शिक्षक असताना आई-बापांनी शाळेत कशाला राबायचं?

लग्नाकार्यात, एसटीत, माझ्या शिलाईच्या दुकानात ब्लाउज टाकायला आलेल्या बायकांकडून, फिरून फिरून एकच प्रश्न येतो. ‘शिक्षकांना एवढाले पगार, वर सरकारचं अनुदान. मग तुम्ही पालक झेडपीच्या शाळेत फुकट का राबता?’ विचारणारीच्या आवाजात थोडी कीवही असते. तर एकदाचं नीट सांगते.

आधी हिशेब. आमची शाळा चौथीपर्यंतची, द्विशिक्षकी. ६० पर्यंत पट असला की प्राथमिक शाळेला २ शिक्षक, असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. म्हणजे वर्ग चार, माणसं दोन. गुरुजी केंद्रशाळेत बैठकीला गेले की चारही वर्ग बाईंच्या पुढ्यात. पट ३१ ते १०० असेल तर समग्र शिक्षा योजनेतून वर्षाचं अनुदान २५,००० रुपये. खडू, रजिस्टरं, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्यातच बसवायचं. घर चालवणाऱ्या बाईला याहून जास्त समजावावं लागत नाही.

पण ही तूट भरायला आम्ही जातो असं नाही. वर्गणी हा शाळेला मदत करण्याचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा प्रकार, असं माझं मत झालंय. आमचा जिल्हा सातारा, त्यामुळे वर्गणीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास कर्मवीर भाऊराव पाटलांचा दाखला देतं. १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था उभी राहिली, मुष्टिफंडाला घराघरांतून मूठ मूठ धान्य आलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले. सगळं खरं, आणि फार मोठं. पण तेव्हा खेड्यातल्या पोराला शिकवणं सरकारला कायद्याने बंधनकारक नव्हतं. आज आहे. आमच्याकडून पंखे वसूल करायला कर्मवीरांचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

मी जाते ते विचारता यावं म्हणून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सभासद पालक असतात, आणि निम्म्या जागा बायकांच्या. अनुदान कुठे गेलं ते बघायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, हा आमचा अधिकार. आता वर्षातून एकदा सहीपुरती येणारी आई काय विचारणार? तिने शाळा चालू असताना कधी बघितलेलीच नसते.

पोषण आहाराचंच घ्या. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम धान्य ठरलेलं आहे, आणि पोरांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घेऊन वहीत नोंद करायची असते. आमच्या वहीत पूर्वी ओळीने ‘चव चांगली’, ‘चव चांगली’, आठवडाभराचं एकाच पेनाने आणि एकाच बैठकीत लिहिलेलं. मग आयांनी पाळ्या लावल्या. एकीने ताटलीत घास घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाली, ‘हळद कच्ची लागतीया, अन् मटकी टचटच करतीया.’ अक्षर अक्षर जुळवत तिने वहीत लिहिलं, ‘मटकी कच्ची.’ स्वयंपाकाच्या ताई आधी फुगल्या. नंतर त्यांनीच सांगितलं की इंधनाचे पैसे उशिरा येतात, सिलिंडर पुरवायला त्या लवकर गॅस बंद करतात. ते पैसे कुठे अडतात हे पुढच्या सभेत विचारलं गेलं, तारीख घालून.

तसंच मुलींच्या संडासाचं. संध्याकाळी मैदानात येणारी पोरं घाण करतात म्हणून त्याला कुलूप असायचं, किल्ली ऑफिसच्या कपाटात. कारण खोटं नव्हतं. पण चौथीच्या पोरी दिवसभर पाणी पीत नव्हत्या, हे कळलं ते बाटली भरलेलीच घरी येते हे बघणाऱ्या आईला. आता शाळा सुटली की फाटकाला कुलूप, किल्ली समोरच्या घरातल्या आजींकडे, आणि संडास शाळेच्या वेळात उघडा. क्रिकेटवाल्यांनी आजींशी वाद घालून बघितला. पुन्हा नाही घातला.

काही कामांना आम्ही सरळ नाही म्हणतो. शिक्षकाची जागा रिकामी आहे म्हणून पालकाने वर्गावर उभं राहायचं, हे नाही. पालकाने भागवलं की ती जागा भरायची कुणाला घाई राहत नाही. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या कार्यक्रमात पहिलीत येणाऱ्या पोरांच्या आया गट करून घरी रंग, आकडे, गोष्टी घेतात, ते वेगळं. रिकाम्या जागेसाठी मात्र गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

राहिला वेळ. ‘तुम्हाला बरं जमतं!’ जमतंच मला, दुकान माझं आहे. रोजंदारीवर जाणारीचा अकराच्या सभेपायी अख्खा दिवस बुडतो. दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा द्या, असं कायदा म्हणतो. जागा द्यायची आणि सभा अकराला ठेवायची, म्हणजे झालंच कल्याण. आम्ही संध्याकाळी सातला ठेवून बघितली, तर बाप्ये आले आणि बायका चुलीपाशी. शेवटी आठवडे बाजाराचा दिवस धरला. त्या दिवशी आमच्याकडे शेतावर कुणी जात नाही.

तेव्हापासून सभा लांबायला लागल्या. गणवेशाची खरेदी २०२४-२५ ला राज्य पातळीवर गेली होती, पुढच्या वर्षी ती परत समित्यांकडे आली, त्यावरून तर पार जुंपली. शिलाई मला नको असं मी आधीच लिहून दिलं होतं. सभासदाने त्यात पडू नये. तरी मापं घ्यायला मलाच बसवलं. कापड कुठलं, दुकान कुणाचं, यावर शेवटपर्यंत दोन तट राहिले. मापं दोन बोटं वाढीव घ्यायची, एवढ्यावर मात्र एका आवाजात ठराव झाला.