गाळावरची लेव्हल

आरएफआयवर, म्हणजे कामाआधी कंत्राटदार तपासणीसाठी देतो त्या अर्जावर, फक्त माझी सही राहिली होती. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी आमच्या रस्त्याच्या रुंदीकरणात एक जुना पाट आडवा येतो. त्यावर 1200 मिमीचा ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटचा गोल पाइप, टाकायचा होता. ड्रॉइंगवर चार जणांच्या सह्या. पाइप येऊन पडलेले, हायड्रा क्रेन उभी, तिचं भाडं चालू.

तेवढ्यात पाटकरी आबा आले. हा पाट फडाचा. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, खालच्या जमिनीचे तीन-चार फड आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक, अशी ही खानदेशातली पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. गावंच ती चालवतात. पाणी पाटकरी सोडतो, राखण जागल्या करतो. पंप नाही, मोटर नाही, सगळा खेळ उताराचा. आबांनी फावडं पाटात टेकवलं, पाइपच्या खुणेकडे पाहिलं आणि म्हणाले, "पानी कधी वर चढस का, भाऊ?"

मी ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावली. टीबीएमवरून, म्हणजे उंची माहीत असलेल्या खुणेवरून, रीडिंग घेतलं. पाटाच्या तळावर स्टाफ, म्हणजे मोजायची उभी पट्टी, धरायला आबांचा नातू उभा राहिला. खात्री होईना म्हणून तीनदा मोजलं. पाइपचा इन्व्हर्ट, म्हणजे आतला तळ, पाटाच्या तळापेक्षा 22 सेंमी वर येत होता. तिथं पाटाचा उतार हजाराला एक. म्हणजे निदान 220 मीटर मागेपर्यंत पाणी तुंबणार, कुठंतरी काठ फुटणार आणि शेवटच्या फडाचं पाणी जाणार.

चूक कुठं झाली ते संध्याकाळी कळलं. सर्व्हे मे महिन्यातला. पाट तेव्हा कोरडा आणि गाळानं भरलेला. सर्व्हेवाल्यांनी स्टाफ गाळावरच धरला. पावसाळ्यानंतर गावानं दरवर्षीसारखा गाळ उपसला आणि खरा तळ उघडा पडला. त्या चौघांपैकी कुणाचीही आकडेमोड चुकलेली नव्हती. विसर्ग बरोबर, वेग बरोबर. पण पाटात उतरून पाहिलेलं एकानंही नव्हतं.

आमचे टीम लीडर म्हणाले, "मंजूर ड्रॉइंग आहे, टाकू द्या, पुढचं पुढे पाहू." भला माणूस आहे, पण या वाक्याची मला चीड आहे. पुढचं जे पाहायचं ते आबांनाच पाहावं लागतं.

सही केली नाही. फोटो आणि लेव्हल बुकाचं पान पुण्याच्या ऑफिसातल्या हायड्रॉलिक्सच्या मॅडमना पाठवलं. मोठ्या कन्सल्टन्सीत असल्याचं मोल अशा वेळी कळतं. आधी मी धुळ्यात एका छोट्या ऑफिसात होतो, तिथं असलं काही विचारायला माणूसच नव्हता. मॅडमनी त्याच रात्री फोन केला, पाटाचे आडवे छेद मागवले. पाइप रद्द करून बॉक्स, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी, दिला, तळ पाटाच्या तळाशी जुळवून, दोन्ही तोंडांना कटऑफ वॉल, म्हणजे खालून माती धुपू नये म्हणून जमिनीत उतरवलेली भिंत. गाळ काढणाऱ्याला वाकून आत जाता आलं पाहिजे, हे आबांचं म्हणणंही उंची ठरवताना धरलं. चौथ्या दिवशी सुधारित ड्रॉइंग साइटवर. ते आबांसमोर उलगडताना मला फार बरं वाटलं.

पण मला झोप येईना. गेल्या वर्षी पूर्ण झालेल्या आमच्या खालच्या टप्प्यातही असाच एक पाट आहे. सर्व्हे टीम तीच, महिना तोच, आणि त्या आरएफआयवर सही माझी. रविवारी जाऊन आलो. पाइपच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलेलं, काठावर मातीच्या पोत्यांची रांग. तिथल्या पाटकऱ्यांनी विचारलं, हे पास कोणी केलं? मी म्हणालो, मीच.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांची तयारी आहे, पण त्या टप्प्याचा प्रोजेक्ट कोड बंद झालाय. टाइमशीटवर तास टाकायला कोड नसेल तर आमच्याकडे कोणी फाइल उघडत नाही. कोड पुन्हा उघडा म्हणून काल तिसरा मेल टाकला. रब्बीचं पाणी सुरू झालंय.