आत्याचा कट्टा, शिवाजी पार्क

पहाटे साडेपाचला आत्यानं मला हलवून जागं केलं. "ऊठ गं, ऊन चढलं की मग कट्ट्यावर बसवत नाही." माझी नऊ वर्षांची लेक तोंड धुऊन, वेणी घालून माझ्याआधीच दारात उभी होती.

मिरजेहून आम्ही आदल्या दिवशी आलो होतो. दादर पश्चिमेला उतरून, फुलांच्या वासातून आणि फेरीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत रानडे रोडनं चालत राहिलं की एका जागी दोन्ही बाजूंच्या इमारती मागं पडतात आणि समोर एकदम आभाळ मोकळं होतं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत बाबांचं बोट धरून मी याच रस्त्यानं यायचे. त्या जागी पोचलं की बाबा हातातली बॅग खाली ठेवून एक मोठा श्वास घ्यायचे. या वेळी अठरा वर्षांनी आले, आणि बॅग माझ्याही हातून आपोआप खाली ठेवली गेली.

दादरकर त्याला शिवाजी पार्क म्हणत नाहीत, नुसतं पार्क म्हणतात. "पार्कात जाऊन येते", "पार्काला एक फेरी मारते". सुमारे 28 एकरांची ही मोकळी जागा. बाग म्हणावी तर फुलांचे वाफे नाहीत, कारंजं नाही. मैदान म्हणावं तर कडेनं झाडं आहेत, देऊळ आहे, वाचत बसलेली माणसं आहेत, आजी-आजोबांसाठी वेगळा नाना-नानी पार्क आहे. 1925 मध्ये ही जागा लोकांसाठी खुली झाली तेव्हा तिचं नाव माहीम पार्क होतं. शिवाजी महाराजांचा जन्म त्या काळी 1627 चा धरत असत, म्हणून 1927 हे त्रिशताब्दीचं वर्ष. त्या निमित्तानं नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी आग्रह धरला आणि पार्काला महाराजांचं नाव मिळालं. आत्या ही गोष्ट माझ्या लेकीला सांगताना "एका बाईनं" या शब्दावर मुद्दाम जोर देत होती. महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी थांबून तिनं लेकीला एक गोष्ट दाखवली. महाराजांच्या हातात उपसलेली तलवार नाही, नुसता हात पुढं केलेला आहे. लेकीनं बराच वेळ वर बघितलं आणि म्हणाली, "चला म्हणतायत."

आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघ्यांची दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत. पूर्वी ती रोज पार्काच्या चार फेऱ्या मारायची. पार्काला वेढा घातलेला जो कट्टा आहे, त्याच्या कडेकडेनं एक फेरी म्हणजे सव्वा किलोमीटरच्या जरा आतलं अंतर, म्हणजे चार फेऱ्यांत साडेचार किलोमीटरच्या वर चालणं व्हायचं. आता ती काठी टेकत घरातून निघते, रस्ता ओलांडते आणि एका मोठ्या रेन ट्रीखाली कट्ट्यावर बसते. ही तिची जागा. तिथं रुमाल टाकून ठेवायची गरज पडत नाही. तिच्या डाव्या हाताला एक निवृत्त मास्तर असतात, उजव्या हाताला दोघी मैत्रिणी. एखादा दिवस कुणी आलं नाही तर दुपारपर्यंत फोन होतात.

या कट्ट्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण माझ्या मते पार्कातली सगळ्यात मोठी सोय हीच आहे. एक साधी, बुटकी, रुंद भिंत. बसलं की पाय आरामात जमिनीला टेकतात. पाठ टेकायला काही नाही, त्यामुळं रस्त्याकडं तोंड करून बसायचं की मैदानाकडं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सकाळी सहाला तिथं आत्यासारखी माणसं बसतात. आठच्या सुमारास बुटांच्या नाड्या बांधणारे खेळाडू आणि त्यांच्या डब्यांच्या पिशव्या सांभाळणाऱ्या आया. दुपारी सावलीच्या तुकड्यांवर टॅक्सीवाले आडवे होतात. संध्याकाळी कॉलेजची पोरं येतात, आणि दिवेलागणीनंतर जोडीजोडीनं येणारी, जी घरी बोलू शकत नाहीत ती. बाकाला दोन टोकं असतात, मधे एक माणूस बसला की बाक भरल्यासारखा वाटतो. कट्टा कधी भरत नाही, थोडं सरकलं की जागा होते. मी त्या सकाळी बसले तेव्हा शेजारच्या अनोळखी काकू न सांगता चार बोटं सरकल्या आणि हातातल्या पेपरातलं एक पान माझ्याकडं दिलं.

आमच्या घराजवळ एक बाग आहे. तिला तिकीट आहे, वेळ आहे, गवतावर बसू नये अशी पाटी आहे, दुपारी फाटकाला कुलूप असतं. माझ्या लेकीला बाग म्हणजे असंच काहीतरी वाटत होतं. पार्कात शिरताना तिनं माझ्या पर्सकडं बघितलं आणि विचारलं, "पैसे कुठं द्यायचे?" आत्या म्हणाली, "इथं कुणी काही विचारत नाही, बाळा. ये आणि बस."

सूर्य वर आला तसं मैदान भरत गेलं. इथं क्रिकेट एकाच ठिकाणी चाललेलं नसतं. सुट्टीच्या सकाळी डझनभर तरी डाव एकाच वेळी मांडलेले असतात आणि ते एकमेकांत शिरलेले असतात. एका डावाचा कव्हरचा खेळाडू दुसऱ्या डावाच्या लाँग ऑनच्या पाठीला पाठ लावून उभा. पांढऱ्या कपड्यांतल्या इतक्या पोरांमधे आपला चेंडू कुठला आणि दुसऱ्याचा कुठला हे त्यांना कसं कळतं, ते मला नीटसं समजलं नाही, पण त्यांची चूक होताना दिसली नाही. कडेला जाळ्या लावलेली नेट्स. रमाकांत आचरेकर सरांनी याच मैदानावर सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे यांना शिकवलं. सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, सचिनला जो बाद करील त्याचं ते नाणं, आणि शेवटपर्यंत नाबाद राहिला तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्यानं आजही जपून ठेवली आहेत. 2024 च्या डिसेंबरमध्ये पाच नंबरच्या गेटपाशी सरांचं स्मारक झालं. आम्ही तिथं उभ्या असताना किट बॅग पाठीवर घेतलेला एक सातआठ वर्षांचा मुलगा आला, बॅग न उतरवताच वाकून नमस्कार केला आणि नेटकडं पळाला. बॅगेच्या वजनानं तो वाकताना पुढं झुकला होता, पण नमस्कार काही चुकवला नाही.

लेकीचं मात्र क्रिकेटकडं लक्ष नव्हतं. तिला मल्लखांब दिसला होता.

श्री समर्थ व्यायाम मंदिर पार्काच्याच आवारात आहे आणि त्याची स्थापनाही 1925 चीच. म्हणजे पार्क आणि ही संस्था बरोबरीनं वाढली आणि 2025 मध्ये दोघांची शंभरी भरली. मल्लखांबाची जी पहिली जागतिक स्पर्धा 2019 च्या फेब्रुवारीत झाली, ती याच मैदानावर झाली. इथले मल्लखांबाचे गुरू उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. इथं अंध मुलंही मल्लखांब शिकली आहेत. पहिल्यांदा ऐकताना नवल वाटतं, पण थोडा वेळ बघत उभं राहिलं की लक्षात येतं, हा खेळ डोळ्यांपेक्षा कातडीनं खेळायचा आहे.

खांब जवळून बघितला. गुळगुळीत, काळपट, जमिनीपासून माझ्या डोक्याच्या बराच वर गेलेला. खाली जाड, वर निमुळता होत गेलेला. अंग, त्यावर मान, आणि शेंड्याला गोल बोंड. खांबाला एरंडेल चोळलेलं असतं, त्यानं घसरण आणि पकड यांचा मेळ राहतो. त्या तेलाचा वास, तांबड्या मातीचा वास आणि पोरांच्या घामाचा वास मिळून जो एक वास होतो, तो मला अठरा वर्षांनी जसाच्या तसा ओळखू आला. एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा आला, खांबाला हात लावून कपाळाला लावला आणि उडी घेतली. हातांचं काम क्षणभरच. पुढचं सगळं मांड्यांचं. साधी अढी, म्हणजे खांबाला पायांची पकड घातली, हात सोडले, डोकं खाली, आणि बोंडावर जाऊन एका पायावर तो असा उभा राहिला की माझाच श्वास अडकला. खाली त्याची आई पाण्याची बाटली घेऊन उभी होती, ती शेजारणीशी बोलत होती आणि वर बघतही नव्हती. इतका तिचा त्या खांबावर विश्वास.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी ही विद्या नव्यानं उभी केली, असं सांगतात. कुस्तीच्या सरावासाठी, म्हणून नावातच मल्ल आहे. पण माझी लेक जिथं खिळली होती तो लाकडी खांब नव्हता, दोर होता. वरून सोडलेला सुती दोर, त्याला एकही गाठ नाही. एक मोठी मुलगी त्यावर सरसर चढून वर गेली, दोर अंगाभोवती फिरवून घेतला आणि हवेत पद्मासन घालून बसली. खाली उतरल्यावर तिनं माझ्या लेकीकडं बघितलं. लेक तिथं इतका वेळ उभी होती की तिला हाक मारणं भागच होतं. शिकवणाऱ्या ताईंना विचारून तिनं लेकीला जवळ बोलावलं, चपला काढायला लावल्या आणि स्वतः खाली बसून तिच्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधे दोर बसवून दिला. "हात विसर. इथं धर. इथंच सगळं असतं." लेकीनं दोन्ही पायांनी दोर धरला आणि जमिनीपासून हातभर वर उचलली गेली. चार-पाच सेकंद. उतरली तेव्हा अंगठ्याच्या बेचक्यात लालभडक वळ उठला होता. ती तो वळ दिवसभर बघत होती.

आत्याला मी विचारलं, तू कधी दोरावर गेली होतीस का? ती म्हणाली, "आमच्या वेळी आई पाठवायची नाही. मी कट्ट्यावरून बघायची." थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "म्हणून हिला तिथं ने म्हटलं."

दुपारी घरी. खिडकीच्या गजांवर तांबूस धुळीचा थर, सकाळी पुसला होता तरी. पार्कातली माती वाऱ्याबरोबर उडते आणि समोरच्या घरांत येते, हे इथल्या माणसांचं जुनं दुखणं आहे, आणि ते खरं आहे. आत्या दिवसातून दोनदा फडकं मारते. आवाजाचंही तसंच होतं. सभा, कर्णे, रात्री उशिरापर्यंतची भाषणं. इथले रहिवासी कोर्टात गेले आणि 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पार्क शांतता क्षेत्र असल्याचं मान्य केलं. काही ठरावीक दिवस सोडले तर आता संध्याकाळी आत्याच्या गॅलरीत बॅटवर चेंडू लागल्याचा आवाज वेगळा ऐकू येतो.

ठरावीक दिवसांपैकी 6 डिसेंबरबद्दल आत्या भरभरून बोलते. चैत्यभूमी इथून चालत काही मिनिटांवर. बाबासाहेबांना अभिवादन करायला राज्यभरातून, राज्याबाहेरून लाखो माणसं येतात आणि त्यांची उतरायची सोय पार्कातल्या मंडपांत होते. "लोक गर्दी बघतात," आत्या म्हणाली, "मी पुस्तकं बघते. माणसं गावाहून शिदोरी बांधून येतात आणि जाताना पिशवीभर पुस्तकं घेऊन जातात." तिच्या कपाटात अशी घेतलेली बरीच पुस्तकं आहेत. दर वर्षी त्या दिवशी ती जिन्याखाली पाण्याचा पिंप भरून ठेवते. गुडघे गेल्यापासून पिंप भरायचं काम शेजारचा मुलगा करतो. एरवी पोरं खेळतात ती हीच माती, त्या रात्री तिच्यावर थकलेली माणसं अंग टाकतात. जागा मोकळी ठेवली म्हणून तर हे जमतं. तिथं उद्या कुणी सुशोभीकरणाच्या नावाखाली फरश्या, रेलिंगं आणि फोटो काढायच्या कमानी उभारल्या, तर या माणसांनी कुठं झोपायचं आणि पोरांनी कुठं खेळायचं? मला ही भीती खरोखर वाटते, कारण आमच्या गावाकडं मोकळ्या जागा अशाच एकेक करून भरत चालल्या आहेत.

चार वाजता प्रकाश उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पीयूष. आत्याचा नेम आहे, पाहुण्याला तिथं नेल्याशिवाय सोडायचं नाही. मग उद्यान गणेशाचं दर्शन, आणि मावळतीला समुद्राकडं पाच मिनिटं चालून परत कट्ट्यावर.

संध्याकाळी रेन ट्रीची पानं मिटायला लागली. आत्यानं लेकीला वर बोट करून दाखवलं, एकेक पान घडी घातल्यासारखं बंद होत होतं. डाव्या हाताचे मास्तर त्या दिवशी उशिरा आले. आत्यानं नुसतं घड्याळाकडं बघितलं, त्यांनी "नातवाची परीक्षा" एवढंच सांगितलं आणि बसले. समोर शेवटचं षटक चाललं होतं, चेंडू दिसेनासा झाला होता तरी कुणी डाव सोडायला तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला कुणीतरी हलवलं. आत्या अजून झोपलेली होती. पलंगाशेजारी लेक उभी होती, अनवाणी.