‘अडॅप्टर चालू आहे’ या उत्तरापाशी अडलेले काम

आमचा लॅपटॉप जुना आहे, पण मुलीच्या अभ्यासाला तो अजून पुरतो. त्याचा ६५ वॅटचा अडॅप्टर गेल्या उन्हाळ्यात इतका तापू लागला की त्यावर हात टेकवत नसे, आणि केबल जिथून बाहेर येते तिथले प्लास्टिक तपकिरी पडले. अडॅप्टर गरम होणे स्वाभाविकच आहे. पूर्ण ६५ वॅट देताना त्याची कार्यक्षमता ८८ टक्के धरली, तरी सुमारे ९ वॅट उष्णता बाहेर पडते. मात्र जळका वास, रंग बदललेले प्लास्टिक किंवा हात मागे घ्यायला लावणारी उष्णता यांपैकी एकही खूण दिसली, तर तो त्याच क्षणी बंद करावा. आम्ही बंद केला आणि पुण्यातल्या एका अधिकृत सेवा केंद्रात मूळ अडॅप्टर विकत घ्यायला गेलो. वॉरंटी केव्हाच संपली होती आणि पूर्ण किंमत मोजायची माझी तयारी होती, हे मुद्दाम नमूद करतो.

तक्रार नोंदवल्याशिवाय सुटा भाग मिळणार नाही, असे काउंटरवर सांगण्यात आले. तक्रारीच्या अर्जात ‘चार्ज होत नाही’, ‘चालू होत नाही’ आणि ‘तुटफूट’ एवढेच पर्याय होते. ‘तापतो’ हा पर्यायच नव्हता. मी तो समासात हाताने लिहिला. तंत्रज्ञाने अडॅप्टर बोर्डाला जोडला, पिनेला मल्टिमीटर लावला, १९.५ व्होल्ट दिसताच तो माझ्या हातात परत दिला आणि म्हणाला, “सर, अडॅप्टर चालू आहे, म्हणजे फॉल्ट नाही.” फॉल्ट नाही म्हणून तक्रार बंद, आणि तक्रार बंद म्हणून नवा भाग नाही!

ही तपासणी निरर्थक का आहे, हे मी तिथे पुन्हा पुन्हा समजावले. मल्टिमीटर जवळपास काहीच वीज ओढत नाही, त्यामुळे लोड नसताना खराब होत चाललेला अडॅप्टरही बरोबर व्होल्ट दाखवू शकतो. उष्णता वाढते ती लॅपटॉप चालू असताना आणि बॅटरीही चार्ज होत असताना, म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या पुढे प्रवाह वाहत असताना. पिन सैल होऊन जोडावर एक दशांश ओहम रोध जरी वाढला, तरी तेवढ्याशा जागेत एक वॅटहून अधिक उष्णता साचते. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून प्रवाह स्थिर ठेवणारे भाग, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतात आणि बाकीच्या भागांवरचा ताण वाढतो. यातले काहीही दोन सेकंदांच्या मापनात दिसत नाही. माझ्या म्हणण्यावर “लॅपटॉप जमा करा, इंजिनिअर बघतील” एवढेच उत्तर मिळाले, आणि पुढच्या खेपेला लॅपटॉपचे मूळ खरेदी बिल मागण्यात आले. इतक्या जुन्या वस्तूचे बिल किती घरांत सापडेल? अडॅप्टर पूर्ण बंद पडेपर्यंत ग्राहकाने तो वापरत राहावा, असाच या पद्धतीचा अर्थ होतो, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

शेवटी तपकिरी पडलेल्या भागाची छायाचित्रे, लेबलवरचा पार्ट नंबर आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर जोडून मी कंपनीला ई-मेल पाठवला. ‘सुरक्षेच्या कारणासाठी पैसे देऊन मागितलेला भाग नाकारत असाल, तर नकाराचे कारण लेखी द्यावे’ हे त्यातले वाक्य कामी आले असावे, कारण त्यानंतर त्याच काउंटरवर बिलाविना अडॅप्टर मिळाला. त्या दिवशी फार हायसे वाटले. तेव्हा तोंडी वाद घालण्यात वेळ न दवडता पहिल्याच दिवशी लेखी मागणी करावी. तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

या काळात अनेकांनी तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातून, स्वस्तातला अडॅप्टर आणण्याचा सल्ला दिला. बाहेरून घ्यायचाच असेल, तर लेबलवरचा ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये दुकानातच तपासावा आणि समोर येणारे उत्पादकाचे नाव लेबलशी जुळते का ते पाहावे. व्होल्ट आणि पिनेची ध्रुवता (धन टोक आत की बाहेर) मूळ अडॅप्टरसारखीच हवी. वॅट जास्त चालतात, कमी चालत नाहीत, कारण ४५ वॅटच्या अडॅप्टरवर ६५ वॅटचा भार टाकला की तोही तापणारच. निकृष्ट नकलेत २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपकडची बाजू यांच्यात पुरेसे अंतर राखलेले नसते, हा तापण्याहूनही मोठा धोका आहे. अडॅप्टर गादीवर किंवा उशीखाली ठेवू नये, हे मुलांना दटावूनच सांगावे लागते.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. भिंतीपासून अडॅप्टरपर्यंत येणारी जाड वायरही तपासावी. २०१४ मध्ये एचपीने ‘एलएस-१५’ अशी खूण असलेल्या वायरी तापून वितळण्याच्या धोक्यामुळे परत मागवल्या होत्या. एकट्या अमेरिकेत त्यांची संख्या सुमारे ५६ लाख होती. सप्टेंबर २०१० ते जून २०१२ या काळात विकलेल्या लॅपटॉपबरोबर त्या आल्या होत्या आणि ती खूण अडॅप्टरमध्ये खोचायच्या टोकावर असते. त्या काळातला लॅपटॉप घरात असेल, तर आधी वायर भिंतीतून काढावी आणि मगच ते टोक उजेडात धरून वाचावे.